सहाणेची सहाण : वस्तऱ्याच्या दगडाचा इतिहास

१/ देवघरातील जुनी सहाण आपण कधी निरखून पाहिली आहे का? पिढ्यान्‌पिढ्या चंदन उगाळल्यामुळे तिच्या मध्यभागी उथळ खळगा पडलेला असतो. गंधासाठी तो सोयीचाच, कारण उगाळलेले गंध त्यात साचून राहते. मराठीत ‘सहाण’ हा शब्द धार लावण्याच्या दगडालाही लावला जातो. तेथे मात्र हाच खळगा सारे काम बिघडवतो.

२/ आजचा धागा वस्तऱ्याच्या दगडाविषयी आहे. हा दगड पोलाद झिजवतो आणि स्वतःही झिजतो. झिजलेल्या दगडाला पुन्हा सपाट करायचे तर त्याहून सपाट वस्तू हवी. पण त्या वस्तूला सपाट कोणी केले? ही साखळी कोठेच संपणार नाही असे वाटते. तिचा शेवट कोठे आणि कसा सापडला, हे या धाग्यात पाहू.

३/ प्रथम वस्तऱ्याची रचना समजून घेऊ. त्याची पाठ जाड असते, धार अत्यंत पातळ, आणि दोहोंमधील पाते आत खोलगट घासलेले. धार लावताना वस्तरा दगडावर आडवा निजवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. त्यामुळे धारेचा कोन कारागिराच्या मनगटावर अवलंबून राहत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांनीच तो ठरलेला असतो. साधारणपणे तो १६ ते १८ अंशांच्या आसपास असतो.

४/ या रचनेत मोठी सोय आहे आणि तितकाच मोठा धोकाही आहे. विळा किंवा सुरी खोलगट दगडावरही चालून जाते, कारण हात अंदाजाने कोन सावरून घेतो. वस्तऱ्याला अशी मुभा नाही. दगड मध्ये खोल गेला असेल, तर धार दगडाच्या उंच कडांवर टेकते आणि मधला भाग अधांतरी राहतो. मग तोच वस्तरा गालावर एका जागी रेशमासारखा फिरतो आणि दुसऱ्या जागी केस ओढतो.

५/ मुळात मऊ केसाने पोलाद बोथट व्हावेच का? २०२० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिले. केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ. तथापि कापला जाताना तो वाकतो, आणि पोलादाची अंतर्गत घडण जेथे एकसारखी नसते, नेमक्या तेथे धारेचा कपचा उडतो. म्हणजे वस्तरा नुसता झिजत नाही, तो कणाकणाने तुटतही असतो. चामड्यावर फिरवून धार काही दिवस सावरता येते. पण केव्हा तरी दगडाकडे यावेच लागते.

६/ ही गरज किती जुनी आहे? संस्कृतात वस्तऱ्याला ‘क्षुर’ म्हणतात. आपल्या ‘क्षौर’ शब्दाचे मूळ तेच. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात वस्तऱ्याप्रमाणे आम्हालाही तीक्ष्ण कर, अशा आशयाची प्रार्थना आहे. कठोपनिषदाने बिकट मार्गाला उपमा दिली तीही वस्तऱ्याच्या धारेचीच. ‘वस्तरा’ हा शब्द मात्र फारसीतील ‘उस्तुरा’वरून आपल्याकडे आला.

७/ दगडांविषयीचा जुना आणि तपशीलवार मजकूर रोममध्ये सापडतो. इ. स. ७९ मध्ये मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या ३६व्या खंडात धारेच्या दगडांची वर्गवारी दिली आहे. क्रीट बेटावरील दगडांना तेल लागते. नॅक्सॉसच्या दगडांना पाणी लागते. सिलिशियातील दगड तेल आणि पाणी दोन्हींवर चालतात. सर्वांत रोचक आहे तो चौथा वर्ग: माणसाच्या थुंकीवर चालणारे दगड. प्लिनी सांगतो की हे दगड न्हाव्यांच्या दुकानांत वापरले जात, आणि त्यांतील उत्तम दगड स्पेनमधून येत.

८/ प्लिनीने दगडांची विभागणी द्रवावरून केली, यात कारागिरांचा अनुभव दडलेला आहे. द्रवाचे मुख्य काम म्हणजे घासताना सुटलेली पोलादाची पूड तरंगत ठेवणे आणि वाहून नेणे. दगड कोरडा वापरला तर ती पूड त्याच्या कणांमध्ये रुतून बसते. दगड ‘भरतो’. मग वस्तरा त्यावरून काचेवरून सरकावा तसा सरकतो, पाणी काळे होत नाही आणि धार जशीच्या तशी बोथट राहते.

९/ भरण्याशी मिळताजुळता दुसरा दोष म्हणजे दगड गुळगुळीत होणे: कणांची टोके झिजून पृष्ठभाग चकचकीत होतो. ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा होता त्यांना हा दोष समजावून सांगावा लागणार नाही. पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, मग त्याला टाकी लावून घ्यावी लागते. वस्तऱ्याच्या दगडाला मात्र टाकी लावता येत नाही, कारण छिन्नीचा एक खड्डाही धारेला महागात पडेल. त्याचा पृष्ठभाग फार हळुवारपणे, पण संपूर्णपणे नवा करावा लागतो.

१०/ हे कसे साधत, याचे सुंदर उदाहरण बेल्जियममध्ये आहे. आर्देन प्रदेशातील व्हिएलसाम आणि साल्मशातो या गावांच्या परिसरात ‘कोटिक्यूल’ नावाचा फिकट पिवळा दगड मिळतो. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचलेल्या गाळापासून तो घडला. त्याच्या मऊ, अभ्रकयुक्त अंगात स्पेसार्टिन जातीच्या गार्नेटचे अतिसूक्ष्म स्फटिक खच्चून भरलेले आहेत. हे स्फटिक बहुपैलू आणि जवळपास गोलसर असतात. त्यामुळे ते पोलादात खोल ओरखडे पाडत नाहीत, वरवरचाच थर काढतात.

११/ कोटिक्यूलचे थर फार पातळ. दोन बाजूंच्या जांभळट-निळ्या पाषाणात ते अडकलेले असतात आणि भूमिगत बोगद्यांतून काढावे लागत. पिवळा थर एकटा ठेवला तर सहज मोडतो. म्हणून त्याला पाटीच्या दगडाची जाड पाठ चिकटवण्याची पद्धत पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खाणी बंद पडल्या. पुढे उत्खनन पुन्हा, पण लहान प्रमाणावर सुरू झाले. साल्मशातो येथे या दगडाचे संग्रहालय आहे.

१२/ कोटिक्यूलच्या मोठ्या दगडावर त्याच जातीचा छोटा तुकडा पाण्यात घासला की दुधासारखी राळ तयार होते. या राळेत मोकळे झालेले गार्नेटचे कण असतात आणि ते वेगाने पोलाद कापतात. मग थेंबाथेंबाने पाणी घालत राळ पातळ करत जायचे, म्हणजे काम अधिकाधिक सूक्ष्म होते. एकच दगड आरंभी खडबडीत आणि अखेरीस गुळगुळीत वागतो. शिवाय राळ काढताना भरलेला थरही निघून जातो. छोटा तुकडा म्हणजे त्या दगडाची टाकीच.

१३/ जपानमध्ये याच कल्पनेला ‘नागुरा’ म्हणतात. क्योटो शहराजवळील नारुताकी, नाकायामा या भागांतील दगड अखेरच्या धारेसाठी नावाजलेले. हाही सागरी गाळाचाच पाषाण, थराथराचा. थरांत पाणी शिरले तर तो उकलतो. म्हणून दगडाच्या बाजूंना लाखेसारख्या रोगणाचा लेप देतात. दगड वापरून झाला की उन्हात न ठेवता सावलीत हळूहळू सुकवणे आणि कडक थंडीत त्यात पाणी गोठू न देणे, हेही निगेचेच नियम.

१४/ जर्मनीत थुरिंगिया प्रांतातील झोनेबर्गच्या आसपासचे निळसर-हिरवे पाटीचे दगड जगभर निर्यात झाले. त्यांच्यासोबतही घासणीचा लहान तुकडा दिला जाई. अमेरिकेतील अर्कान्सॉ राज्यातला अतिकठीण दगड मात्र बहुधा तेलावर वापरला गेला. त्याच्या जातीचे भूशास्त्रीय नाव ‘नोव्हॅक्युलाइट’. लॅटिनमध्ये ‘नोवाकुला’ म्हणजे वस्तरा! एका संपूर्ण पाषाणजातीला वस्तऱ्याचे नाव मिळाले, यावरून या साध्या वस्तूचे महत्त्व लक्षात यावे.

१५/ दगडांची पारख आणि निगा हे ज्ञान दीर्घकाळ गुरूकडून शिष्याकडे तोंडी जात होते. १७६९ साली पॅरिसमधील उस्ताद कारागीर झाँ-झाक पेरे यांनी ते सर्वांसाठी छापले. स्वतःची दाढी स्वतः करण्याची कला शिकवणारे हे पुस्तक; आणि धारेचे दगड कसे ओळखावेत, चामडे कसे तयार करावे, हे विषय त्याच्या लांबलचक शीर्षकातच नमूद आहेत. स्वतःची दाढी करायची असेल तर दगडही स्वतःच सांभाळावा लागेल, हे पेरे यांना ठाऊक होते.

१६/ आता मूळ प्रश्नाकडे वळू. दगडाला खळगा पडला आहे. तो सपाट कसा करावा? सहज सुचणारा उपाय म्हणजे दोन दगड एकमेकांवर घासणे. काही वेळाने ते एकमेकांना तंतोतंत जुळतात, आणि आपल्याला वाटते की काम झाले. येथेच फसगत होते. एक दगड किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असला, तरीही ते तंतोतंत जुळतात. दुर्बिणीची भिंगे आणि आरसे घासणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करून वक्र पृष्ठभाग मिळवतात.

१७/ उत्तर तिसऱ्या पृष्ठभागात आहे. समजा ‘अ’ फुगीर आणि ‘ब’ खोलगट आहे. आता ‘क’ हा ‘अ’ला जुळवून घ्या. तोही ‘ब’प्रमाणेच खोलगट होईल. मग ‘ब’ आणि ‘क’ समोरासमोर ठेवा. दोन खोलगट पृष्ठभाग फक्त कडांवर टेकतील आणि मध्ये फट दिसेल. लपलेली चूक उघड झाली! ती दुरुस्त करा आणि जोड्या बदलत हाच क्रम पुन्हा पुन्हा चालवा. तिन्ही पृष्ठभाग प्रत्येक जोडीत, कोणत्याही दिशेने फिरवले तरी जुळतील अशी एकच शक्यता उरते: तिघेही सपाट असणे.

१८/ ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या यंत्रशाळेत वापरात होती. तेथे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी तिला शास्त्रशुद्ध रूप दिले आणि १८४० साली ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे त्यावर निबंध वाचला. लोखंडी पृष्ठभागावर गेरू आणि तेल यांचा पातळ थर लावायचा, दुसरा पृष्ठभाग त्यावर टेकवायचा आणि जेथे रंग लागेल तो उंचवटा खरवडून काढायचा. नुसत्या घासण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण घासण्याची पूड सर्वत्र सारखी पसरत नाही.

१९/ पुढे १८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनात व्हिटवर्थ यांनी इंचाचा दशलक्षांश भाग दाखवणारे मापनयंत्र मांडले. अशा अचूकतेचा पाया खऱ्या सपाट पृष्ठभागात होता. आणि तो मिळवण्यासाठी आधीच अचूक असलेली कोणतीही वस्तू लागली नव्हती. तीन चुकीच्या वस्तू आणि त्यांना एकमेकींसमोर तपासण्याची शिस्त एवढ्यावर काम भागले. दुसऱ्या पानावरील प्रश्नाची साखळी येथे संपते.

२०/ वस्तऱ्याच्या दगडालाही हीच रीत लागू पडते. एकाच प्रकारचे तीन दगड घ्या, त्यांना क्रमांक द्या आणि पाण्याखाली पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा अशा जोड्या घासा. मधूनमधून एक दगड उलट दिशेला फिरवा, अन्यथा पृष्ठभागाला पीळ राहतो. व्हिटवर्थ यांच्या गेरूची जागा येथे शिसपेन्सिल घेते. दगडावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढायची. उंचवट्यावरील रेघा आधी पुसल्या जातात, खळग्यातील शेवटपर्यंत टिकतात. शेवटची रेघ गेली की दगड सपाट झाला.

२१/ तीन दगड कोणाकडे असणार? एकोणिसशे पन्नासच्या दशकात इंग्लंडमधील पिल्किंग्टन कारखान्यात अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथलावर काच तरंगवण्याची पद्धत विकसित केली आणि १९५९ साली ती जाहीर झाली. द्रव धातूचा पृष्ठभाग आपोआप समतल राहतो आणि काच तोच सपाटपणा घेते. त्यामुळे आज खिडकीच्या जाड काचेवर पाण्याचा पॉलिशपेपर पसरून कोणीही दगड सरळ करू शकतो. व्हिटवर्थ यांच्या कारागिरांना ज्यासाठी दिवसेंदिवस राबावे लागे, ते आता काचेच्या दुकानात मिळते.

२२/ त्या काळ्या पॉलिशपेपरावरील पुडीची कथा थेट भारतापर्यंत पोहोचते. आपल्याकडे ‘कुरुंद’ नावाचा कठीण दगड प्राचीन काळापासून रत्ने आणि शस्त्रे घासण्यासाठी वापरला जाई. संस्कृतात तो ‘कुरुविंद’, तमिळमध्ये ‘कुरुंदम’. अठराव्या शतकात त्याचे नमुने युरोपात गेले. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. आज जगभरच्या खनिजशास्त्रात रूढ असलेले ‘कोरंडम’ हे नाव म्हणजे आपला कुरुंदच.

२३/ १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी चिकणमाती आणि कोक विजेच्या साहाय्याने तापवले, तेव्हा अतिकठीण चकचकीत स्फटिक मिळाले. तो कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा असे समजून त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले. प्रत्यक्षात तो सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयुग होता. समजूत चुकली, नाव टिकले. या कृत्रिम पुडीपासून न्हाव्यांसाठी खास छोटे दगड तयार होऊ लागले आणि खाणीतील दगडांची मक्तेदारी ओसरू लागली.

२४/ महाराष्ट्राच्या गावगाड्यात या साऱ्या विद्येचे दोन वारसदार होते. शस्त्रांना जिल्हई करणारे शिकलगार, आणि बलुतेदारांपैकी न्हावी. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, आरसा, वाटी यांच्यासोबत चामडे आणि दगड असे. शेकडो लोकांच्या मानेवरून फिरणारे हत्यार विश्वासाचे होते, कारण त्यामागे रोजची निगा होती. त्या निगेचे लिखित शास्त्र आपल्याकडे घडले नाही. ज्यांच्या हातात ही विद्या होती, त्यांच्या हातात लेखणी समाजाने दीर्घकाळ येऊ दिली नाही.

२५/ दगडाची सद्दी संपवली ती पातळ पात्याने. किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ साली ५१ रेझर आणि १६८ पाती विकली. पुढच्याच वर्षी रेझरची विक्री ९० हजारांवर गेली. पाते वापरायचे आणि टाकून द्यायचे. दगड नको, चामडे नको. आपल्याकडील केशकर्तनालयांत एचआयव्हीविषयी जागृती झाल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते हा दंडक रुजला. आरोग्याच्या दृष्टीने तो योग्यच होता. मात्र त्याबरोबर दगड धोकटीतून बाहेर पडला आणि त्याची पारखही विस्मरणात गेली.

२६/ म्हणून हे ज्ञान येथे थोडक्यात नोंदवून ठेवू. धार एका भागात लागते, दुसऱ्या भागात लागत नाही: पेन्सिलीची जाळी काढून दगडाचा खळगा तपासा, दगड सपाट निघाला तर वस्तऱ्यालाच पीळ असेल. वस्तरा नुसता सरकतो: दगड भरला आहे, राळ काढा किंवा वरचा थर उतरवा. धारेवर अचानक खोल ओरखडे दिसतात: जाड दगडाचा एखादा कण आला आहे, सारे धुऊन घ्या. धारेला कपचे पडतात: दगडाच्या टोकदार कडा घासून गोल करा. खूप घासूनही धार बिघडत जाते: घासणेच अति झाले आहे, टोकाला वाकणारी सूक्ष्म किनार तयार झाली असेल, आता हात हलका करा.

२७/ आजोळच्या माळ्यावर, जुन्या पेटीत एखादा हातभर पिवळा, निळसर किंवा करडा दगड सापडला, तर तो टाकून देऊ नका. त्यावर लगेच तेलही ओतू नका. पाण्यावर चालणाऱ्या दगडात तेल मुरले तर ते काढणे फार कठीण. आधी तो स्वच्छ धुवा, सावलीत वाळवा आणि सरळ पट्टी ठेवून उजेडाकडे धरा. पट्टीखालून जितका उजेड दिसेल, तितकी वर्षे तो कोणाच्या तरी हाताखाली राबला आहे.

२८/ असा दगड, किंवा तो वापरणारे आजोबा, आपल्या घरी किंवा गावात असतील, तर त्यांच्याकडून दोन गोष्टी अवश्य विचारून घ्या: त्या दगडाला ते काय म्हणत, आणि तो खोल गेला की सरळ कसा करत. खाली प्रतिसादात गावाच्या नावासह लिहा. छापील पुस्तकांत न आलेली ही विद्या अजून काही हातांना आठवते आहे. ती आताच टिपून घ्यायला हवी.